दस्तगीर मिस्त्रींच्या हातचं काम

गॅरेजच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईला सिरियल बघायची गरज पडत नाही. मी शिरोलीकडच्या एका गॅरेजमध्ये फोन घेते, बिलं करते आणि काचेपलीकडचं सगळं फुकटात बघते. किस्से इतके साठलेत की घरी पोचल्या पोचल्या नवरा भाकरी थापता थापता विचारतो, "आज मिस्त्री काय म्हणाले?"

मिस्त्री म्हणजे दस्तगीर मिस्त्री, आमचे हेडमेकॅनिक. पक्के नमाजी, आणि डोकं गरम! "पगार हलाल झाला पायजे," एवढंच त्यांचं मॅनेजमेंट.

*

रमजानच्या पहिल्या दिवशी आमचे मालक, अण्णा, मोठ्या मनानं म्हणाले, "मिस्त्री, उपास हाय तुमचा. आजपासनं हलकं काम घ्या."

मिस्त्री ट्रकखाली झोपलेले. तिथनंच आवाज आला, "अण्णा, रोजा मी धरलाय. गाडीनं न्हाय!"

*

संत्या मेकॅनिक कोडोलीचा. हात चांगला, पण हक्क जास्त पाठ! एकदा त्यानं गिऱ्हाइकाच्या गाडीत स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावला. मिस्त्रींनी तो काढून त्याच्या हातात दिला.

"गाडी अमानत हाय आपल्याकडं."

"व्हय की, पण बॅटरी..."

"गाडीची बॅटरी काय तुझ्या सासऱ्यानं दिलीया?"

*

याच संत्यानं एकदा अण्णांपुढं तक्रार टाकली, "मिस्त्रींना ड्युटीत दोनदा नमाजाची सुट्टी. मग आमी काय पाप केलंय?"

मला संताप आला, कारण तेवढी भरपाई म्हणून मिस्त्री सकाळी सगळ्यांच्या आधी येतात. पण तेच म्हणाले, "द्या की त्याला सुट्टी! फकस्त माझ्यागत. आधी हातपाय, तोंड गार पाण्यानं धुवायचं. मोबाईल ताईंकडं ठेवायचा. कुणाशी बोलायचं न्हाय."

संत्यानं ऐटीत मोबाईल माझ्याकडं दिला. ऐन थंडीतलं पाणी! दुसऱ्याच दिवशी सुट्टीच्या वेळेला बघते तर पठ्ठ्या गाडीखाली.

"का रे, सुट्टी?"

"नको ताई. गप बसलं की बायकोनं सांगितलेली कामं आठवत्यात!"

*

काढलेला जुना पार्ट मिस्त्री गिऱ्हाइकाच्या सीटवर ठेवतात. खरंच बदलला का, ते त्याला दिसावं म्हणून. एक पावणं पांढऱ्याशुभ्र कपड्यात साखरपुड्याला निघालेले. ते न बघताच त्या ग्रीसनं माखलेल्या पार्टवर बसले!

"मिस्त्री, पँटची वाट लावलीसा की!"

"पँटचा डाग निघंल, पावणं. मनातला संशय निघाला नसता."

*

आता हा किस्सा सांगताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

जोतिबाच्या यात्रेचे दिवस. एका ट्रॅव्हल्सवाल्याची मिनीबस ब्रेकच्या कामाला आलेली. त्याच्या सगळ्या गाड्या आमच्याकडेच, म्हणजे अण्णांचा अर्धा धंदा तोच. काम झालं, पण पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसत होतं. लागणारा पार्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. मिस्त्रींनी सांगून टाकलं, "आज गाडी मिळणार न्हाय."

"ब्रेक लागतोय की!" ट्रॅव्हल्सवाला ओरडला. "डोंगरावर जोतिबाला जाणारी माझी माणसं स्टँडवर थांबल्यात. गाडी दिली न्हाईसा तर उद्यापासनं माझी एक बी गाडी इथं येणार न्हाय!"

अण्णांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मिस्त्री, किल्ली द्या. न्हायतर तुम्हीच उद्यापासनं येऊ नका."

मिस्त्रींनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. मग बसमध्ये चढले आणि पहिल्या सीटवर जाऊन बसले.

"आता हे काय?" अण्णा म्हणाले.

"काम माझ्या हातचं हाय. माणसं घेऊन घाटात जाणार असंल, तर मी बी संगट जाणार."

संत्यानं हात पुसले आणि मिस्त्रींच्या शेजारी जाऊन बसला. त्याच्या मागं बाकीचे मेकॅनिक चढले. मीही काउंटरला कुलूप घातलं आणि चढले. भीती वाटत होती, पण आता उतरायचं नाही हे पक्कं होतं.

ट्रॅव्हल्सवाल्यानं अण्णांच्या हातातली किल्ली ओढून आपल्या ड्रायव्हरकडं फेकली. "चल रं, काढ गाडी!"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मिस्त्रींनी डोळे मिटून दुआ पुटपुटायला सुरुवात केली. माझ्या तोंडी त्रिशरण आलं. संत्या तर ओरडलाच, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

ड्रायव्हरनं आरशातनं आम्हा सगळ्यांकडं बघितलं. गाडी बंद केली, किल्ली काढली आणि खाली उतरला.

"मालक, ज्यांनी ब्रेक केलाय, त्येच देवाचं नाव घ्यायला लागल्यात. मी न्हाय चालवत!"