उजवा गाल ट्रायल, डावा गाल चेक

सत्यासाठी स्वतःचा देह प्रयोगाला देणारी माणसं विज्ञानाच्या इतिहासात फार थोडी झाली. त्यांपैकी एक बोरी बुद्रुकमध्ये राहतो, त्याची एक एकर द्राक्षबाग आहे, आणि गेल्या मार्चमध्ये लेकीच्या साखरपुड्याला तो पहिला तासभर फक्त उजव्या बाजूने हजर होता.

तो मी.

आळ्याच्या हायस्कुलात मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. बाग त्याआधीपासूनची. दोन्हीकडे माझा नियम एकच: कोणी काही छातीठोक सांगू लागलं की त्याला दोन ओळी द्यायच्या. औषध कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून उतरतो, “सर, घडाला अशी फुगवण येईल की बघतच राहाल!” म्हणतो. मी त्याला बागेतल्या दोन ओळी देतो. त्या दोन ओळींवर त्याचं औषध, शेजारच्या दोन कोऱ्या. या कोऱ्या ओळींना आमच्याकडे ‘चेक’ म्हणतात. महिन्याने दोन्हीकडचे घड शेजारी-शेजारी धरायचे आणि त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावायचं. आजवर माझ्या दोन ओळींतून एकही औषध जिवंत बाहेर पडलेलं नाही. गावात कोणी फार बढाया मारू लागला, तर लोक म्हणतात, “ह्याला गुरुजींच्या दोन वळीत सोडा रं!”

या शेतीने मला दोन गोष्टी दिल्या. एक मानसन्मान आणि दुसरं वांग. दोन्ही गालांवर, ओल आलेल्या भिंतीसारखे तपकिरी डाग. मानसन्मान फोटोत दिसत नाही. वांग दिसतं. म्हणून मृणालचा साखरपुडा पेठ गावच्या स्थळाशी ठरला, तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, पहिली चिंता माझ्या गालांची केली.

“आल्बम जन्मभर राहतो,” ती म्हणाली. “उद्या नातवंडं इचारतील, ह्ये तोंडाला चिखल लागल्यालं कोण?”

मृणाल फार्मसी शिकून पुण्यात नोकरी करते. जानेवारीतल्या एका रविवारी तिने पिशवीतून एक चिमुकली बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.

“आप्पा, हे नायसिनामाइड.”

“कुठल्या रोगावर?”

“रोगावर नाही, वांगावर. ब जीवनसत्त्वाचाच एक प्रकार आहे. अगदी सौम्य. हळूहळू त्वचा एकसारखी दिसायला लागते.”

“म्हणजे गोरं व्हायचं औषध!” मी चष्मा काढला. (मी चष्मा काढला की भाषण येणार हे घरातले ओळखतात आणि कामं आठवून उठू लागतात.) “अगं, गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध मी स्नेहसंमेलनात तीनदा बोललोय!”

“चारदा,” मृणाल म्हणाली. “मी पहिल्या रांगेत होते. पण गोरं व्हायचंच नाहीये, आप्पा. तुमचा जो रंग आहे तोच, फक्त सगळीकडे.”

मी चष्मा परत घातला. तेवढ्यात आमचे मेहुणे बाळासाहेब आत आले. आळेफाट्यावर त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. बाटली नावाची कोणतीही वस्तू दिसली की त्यांचा हात आपोआप तिच्याकडे जातो. त्यांनी ती उजेडात धरली.

“पाच टक्के. पाण्यात इरघळतंय का त्येलात?”

“पाण्यात. पण मामा, ते चेहऱ्याचं आहे.”

“चेहऱ्याचं असू दे की. लिटरला किती एमएल?”

“लिटरला नाही! दोन थेंब घ्यायचे आणि लावायचे.”

“आन् स्टिकर?” (फवारा पानावरून ओघळू नये म्हणून औषधात घालायचं चिकटद्रव्य.)

“स्टिकर नाही, मामा!”

“दाजींचं कातडं जुनं हाय. बिगर स्टिकरचं आत शिरायचं न्हाई,” बाळासाहेब गंभीरपणे म्हणाले. “बरं, काढणीच्या आदी किती दिवस बंद करायचं?”

“कसली काढणी?”

“साखरपुडा, आनखी कसली!”

मग मी निर्णय जाहीर केला. औषध लावीन, पण नियमाप्रमाणे. दोन ओळी.

“म्हणजे?” मृणालने विचारलं.

“उजवा गाल ट्रायल, डावा गाल चेक.”

“अवो, त्ये तोंड हाय, बाग न्हाई!” सुमन ओरडली.

“बागेला जो न्याय, तोच तोंडाला.”

“आप्पा, याला आठ आठवडे तरी लागतात,” मृणाल काकुळतीला आली. “साखरपुडा बरोबर आठ आठवड्यांवर आहे. पूर्ण चेहऱ्याला लावा ना!”

“फरकच पडणार नाही, तर अर्ध्याला काय आणि पूर्णाला काय!”

हे वाक्य मी फार झोकात म्हटलं. पुढे ते मला घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या आवाजात म्हणून दाखवलं.

प्रयोग मात्र चोख केला. मृणालने सांगितल्याप्रमाणे आधी दोन दिवस कानामागे लावून पाहिलं. कानाने तक्रार केली नाही. मग रोज दोन थेंब, उजव्या गालावर. तिने उन्हाचं मलमही दिलं होतं, तेही फक्त उजवीकडे. नाक हा बांध धरला. बांध कोणाचा, या प्रश्नावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या कोर्टात जातात. मी वाद नको म्हणून नाक सरळ चेकमध्ये टाकलं. वहीत दर रविवारी नोंद.

चार आठवडे काही झालं नाही. मी पुण्याला फोन लावला.

“तुझं औषध दोन ओळींत पडलं!”

“आप्पा, अजून वेळ आहे. सौम्य आहे म्हणून हळू आहे.”

“सौम्य असणं आणि काहीच न करणं यात फरक काय, हे मी तीस वर्षं स्टाफरूममध्ये शोधत होतो,” असं म्हणून मी फोन ठेवला. त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

सहाव्या आठवड्यात सदा न्हाव्याकडे दाढीला गेलो. त्याने माझी हनुवटी धरून मान इकडे वळवली, तिकडे वळवली, पुन्हा इकडे वळवली.

“गुरुजी, एक बोलू का? तोंड धुताना ह्या डाव्या अंगाला हात पोचत न्हाई का तुमचा?”

मी आरशात पाहिलं. बांधाच्या एका बाजूला रान स्वच्छ खुरपलेलं होतं. दुसऱ्या बाजूला तण.

प्रामाणिक शास्त्रज्ञाने ही नोंद ताबडतोब केली असती. मी वहीत लिहिलं: ‘सहावा आठवडा. हवामान ढगाळ.’

आता डाव्या गालाला औषध लावणं म्हणजे मृणाल जिंकली हे कबूल करणं. सातवा आठवडा मी याच विचारात घालवला. शेवटी चोरून लावायचं ठरवलं, तर बाटलीत तळाला जेमतेम ओल! अर्ध्याच चेहऱ्याला लावून पूर्ण बाटली संपते कशी, हा प्रश्न खऱ्या शास्त्रज्ञाला पडला असता. मला पडला नाही. मी पुस्तकांच्या कपाटाकडे वळलो. (वाचनाचा नाद असलेल्या माणसाचं नुकसान नेहमी कपाटापासून सुरू होतं.) मुखपृष्ठ हरवलेलं घरगुती उपायांचं एक पुस्तक होतं. त्यात छापलं होतं: डागांवर लिंबाचा रस चोळावा.

सौम्य औषधाला मी दोन ओळी दिल्या होत्या. लिंबू मात्र थेट पूर्ण क्षेत्रावर मारलं! सकाळी आठ वाजता डाव्या गालावर अर्धं लिंबू पिळलं आणि कांदा काढणी चालू होती तिथे दुपारपर्यंत उन्हात उभा राहिलो. साखरपुड्याला आठ दिवस होते. संध्याकाळी गाल भाजला. दुसऱ्या दिवशी लाल झाला. चौथ्या दिवशी, रस जिथे जिथे ओघळला होता तिथे तिथे काळपट पट्टे उठले. डोळ्याखालून निघून जबड्यापर्यंत उतरणारा सबंध माळशेज घाट, वळणांसकट.

दोन दिवस आधी मृणाल घरी आली. तिने मला खिडकीपाशी नेऊन डावा गाल उजेडात पाहिला.

“लिंबू लावून उन्हात उभे राहिलात?”

“तुला कसं कळलं?”

“पट्ट्यांवरून. जाईल ते. दोन-तीन महिने लागतील.”

“पण साखरपुडा परवा आहे.”

“माहीत आहे, आप्पा. माझाच आहे.”

पेठच्या कार्यालयात मी सगळं गणित बसवून गेलो. व्याह्यांना उजवीकडे घेतलं, डावीकडे खांब घेतला. फोटोग्राफर “सर, इकडे बघा!” म्हणाला की मी नुसते डोळे फिरवायचो. जुन्या नाण्यावरच्या राजासारखा तासभर एकाच बाजूने बसलो होतो. नवऱ्या मुलाच्या आत्याबाई सुमनच्या कानाशी लागल्या.

“विहीणबाई, पावण्यांवरनं वारं गेलंय का? मान हलंना त्यांची!”

“न्हाई वो, त्यांचा सभाव तसा हाय,” सुमन म्हणाली.

तेवढ्यात खांबामागून कोणीतरी “गुरुजी!” म्हणून हाक मारली. तीस वर्षं या हाकेला वळलेला माणूस मी. पूर्ण वळलो. समोर आत्याबाई होत्या. त्यांनी माझा एक गाल पाहिला, मग दुसरा पाहिला, आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

पाच मिनिटांत त्या कार्यालयात एकच शब्द फिरत होता. कोड. मुलीच्या वडलांना कोड आहे, पसरत चाललंय, यांनी लपवलंय. कोड पाप नाही आणि लागटही नाही, हे मी दरवर्षी सातवीला शिकवत आलो. पण ही माणसं माझ्या वर्गात नव्हती. अंगठ्यांचं तबक स्टेजवर येऊन थांबलं होतं. नवऱ्या मुलाचे चुलत आजोबा नाना उठले. पेठमध्ये त्यांच्याशिवाय कोणतं कार्य पार पडत नाही, आणि लांबलचक प्रास्ताविक केल्याशिवाय नाना खाली बसत नाहीत. पण आज ते तीनच वाक्यं बोलले.

“गुरुजी, राग मानू नका. पोरीबाळींचा मामला हाय, समदं उघड पायजे. तुमच्या तोंडाला काय झालंय?”

व्याही जमिनीकडे बघत होते. स्टेजवर मृणाल मात्र सरळ माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेत निकालाच्या दिवशी मुलं बघतात तसं.

मी माइक घेतला आणि सगळ्यांकडे पूर्ण तोंड केलं.

“कोड असतं, तरी लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं,” मी म्हणालो. “पण हे कोड नाही. ही ट्रायल आहे. उजवा गाल ट्रायल, डावा चेक. वांगावरचं औषध माझ्या लेकीने दिलं होतं. फरक पडणार नाही असं मी म्हटलं होतं. पडला. लेक बरोबर होती. डावीकडचे पट्टे लिंबाचे आहेत, ते माझे मीच उठवलेत.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं औषध चाललं असं कबूल करत होतो, आणि तेही माइकवर! मग व्याह्यांनी मान वर केली. हा माणूस बटाटा पिकवतो. बेण्यावर नवं काही मारलं तर एक ओळ कोरी सोडणाऱ्यांतला आहे.

“चेक ठिवला व्हता व्हय!” ते ओरडले. “मग आदी सांगायचं की राव!”

आणि साखरपुड्याची प्लॉट पाहणी झाली. पुरुष मंडळी खुर्च्या सोडून माझ्याभोवती जमली. नानांनी चष्मा पुसला, माझी हनुवटी दोन बोटांत धरली, मान ट्रायलकडे वळवली, मग चेककडे.

“फरक हाय बरं का,” त्यांनी निकाल दिला. “किती दिसांचा प्लॉट?”

“छप्पन.”

“मधी बांधावर काय मारलं?”

“नाकावर? काही नाही.”

“दिसतंय.”

“स्टिकर घातलं असतं तर चाळीस दिसांत आलं असतं,” बाळासाहेब गर्दीत सगळ्यांना समजावत होते.

“आन् डोस डबल केला तर?” मागून कोणीतरी विचारलं.

“डबल नको!” स्टेजवरून मृणाल ओरडली. “आणि उन्हाचं मलम लावल्याशिवाय काहीही उपयोग नाही!”

“आगं बाई, आदी अंगठी तर घाल!” तिची सासू म्हणाली.

तिने अंगठी घातली. टाळ्या वाजल्या. (त्यांतल्या काही माझ्या उजव्या गालाला होत्या, असं मी धरून चालतो.)

जेवताना आत्याबाई पुन्हा सुमनशेजारी येऊन बसल्या. आता आवाजात साखर होती.

“विहीणबाई, खरं सांगू? समद्यात तुमचं तोंड लई नितळ दिसतंय. तुमी काय लावता?”

“ह्यांच्याच बाटलीतलं,” सुमन पुरी तोडत म्हणाली. “ह्यांचं अर्धं तोंड वाचत व्हतं. वाया कशाला घालवायचं? मलम पण लावलं. आठ आठवडे, पुऱ्या तोंडाला.”

मी वाटीतल्या बासुंदीकडे लक्ष दिलं.

गेल्या आठवड्यात अल्बम आला. फोटोग्राफर मोठा कष्टाळू माणूस आहे. त्याने संगणकावर बसून समोरून काढलेल्या प्रत्येक फोटोत माझे दोन्ही गाल एकसारखे करून दिले आहेत.

डाव्यासारखे.