पाहुण्यांच्या संडासाचं कुलूप

अपमान कांताबाईचा झाला. या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, पिंपरीतल्या एका स्टेडियमच्या मैदानात, सगळ्यांसमोर. मी तिच्या शेजारी खुरपं घेऊन बसले होते.

या मैदानावर क्रिकेट झालं, पोलीसभरती झाली, पुढाऱ्यांच्या सभा झाल्या. आता परदेशी संघ फुटबॉल खेळायला येणार. म्हणून नवं गवत. ते आम्ही सात बायकांनी लावलं, बोटाबोटानं, अनवाणी. चपलेनं दबतं म्हणून चपला गेटवर. मला चाकणच्या कंपनीनं कमी केलेलं. बाकीच्या परभणी-बीडकडच्या, रावेतला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या.

सामन्याआधी मैदान तपासायला त्यांची माणसं येणार होती. त्या पाहुण्यांसाठी नवे संडास बांधलेत. फरशा आम्हीच पुसल्या. पुसून झाल्यावर ठेकेदाराच्या सुपरवायझरनं कुलूप घातलं. "पाहुणे बघून जाऊ देत." तेव्हापासून आम्ही कामावर पाणी पिणं सोडलं. त्यानंच कांताबाईला उन्हाळी लागली. लघवीला आग. आणि आली की थांबत नाही.

त्या सकाळी तिनं दोनदा किल्ली मागितली.

"मावशी, गावाकडं काय टाइल्स होत्या का?" सुपरवायझर म्हणाला. गवतावर पाणी मारणारे गडी हसले.

तिसऱ्यांदा तिनं मागितली नाही. बसल्या जागी साडी ओली झाली. सुपरवायझर धावत आला. तिच्याकडं नाही, गवताकडं. "हिला बाहेर घ्या. आणि इथं पाणी मारा आधी."

खरं सांगते, आधी दोन्ही वेळा मी गप्प होते. मान खाली घालून तण उपटत होते. ती लाज माझी.

मग उठले. मधल्या वर्तुळात जाऊन खुरपं टाकलं आणि तिथंच बसले. एकेक करून सगळ्या आल्या. कांताबाईही आली, ओल्या साडीनं. पाहुण्यांच्या गाड्या एक्स्प्रेस वेवरून उतरल्याचा फोन आला होता.

"ताई, तमाशा नको. नंतर बोलू," सुपरवायझर म्हणाला.

"किल्ली."

किल्ली आली. बायका जाऊन आल्या. कांताबाई उठली नाही. "आता मला कशाला? तुमी जावा."

पाहुणे बघून गेले, तरी बुधवारी कुलूप परत लागलं.

दमलोय आम्ही. मुतायला जागा मागायची, ती पण रोज नव्यानं. पण गवत चार दिवस निंदलं नाही तर तण वर येतं. कुलूप आहे तोवर आम्ही गवताला हात लावणार नाही. ठरलंय.

तुम्ही सामन्याचं तिकीट काढाल. काढा. पण गेटवर थांबा आणि विचारा, हे गवत लावणाऱ्या बायका कुठं जातात. संडासाचं दार उघडून दाखवत नाहीत तोवर आत पाऊल टाकू नका.