तिसऱ्यांदा विचारलं तर

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. नाओमीताईने तशी शपथच घातली होती. आणि मी, जी चहा हवा का विचारलं तरी आधी 'नको' म्हणते, ती नेमकी शपथेला 'नको' म्हणायला विसरले! पण ताई आता लंडनला आहे आणि तिला मराठी वाचता येत नाही. तेव्हा ऐका. असा घोळ मी आयुष्यात एकदाच घातला, पण असा घातला की काय विचारता!

नाओमीताई माझी मामेबहीण. आम्ही बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, आमचे अर्धे नातेवाईक परदेशात. मामा लंडनला, त्यामुळे ताई जन्मापासून इंग्रजीच बोलणारी. मराठीत तिला 'पुरे' आणि 'अजून वाढ' एवढंच यायचं. मी आठवीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात ती पनवेलला आमच्याकडे राहायला आली. कॉलेजात तिला हिंदी आणि फारसी शिकायचं होतं, आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी थोडी तयारी हवी होती.

हिंदी शिकवायला आईने माझं नाव सुचवलं. मी "नको" म्हटलं. आईने अर्थातच ऐकलं नाही.

माझं हिंदी म्हणजे शाळेतलं. निबंधाचं! मी तिला तेच शिकवलं. आठवड्याभराने ताई मासळी बाजारात एका कोळीणमावशींसमोर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "आदरणीय महोदया, कृपया इस मछली का मूल्य बताने का कष्ट करें।"

मावशींचा कोयता हवेतच थांबला.

"काय बोलते गो ही? मासं घेयाचं हाय का झेंडावंदन करायचं हाय?"

तरी हिंदीचं जमत गेलं. रिक्षावाल्यांनी आणि भाजीवाल्यांनी मी शिकवलेलं सगळं पुसून टाकलं आणि तिला बोलती केली. प्रश्न होता फारसीचा. पनवेलमध्ये फारसी शिकवणार कोण?

आगा! आमच्या गल्लीच्या टोकाला आगांची बेकरी. त्यांचे वडील इराणातून आलेले, घरात अजून फारसीच बोलतात. बाहेर मात्र आगा पक्के पनवेलकर. दुपारी भट्टी निवली की वरच्या मजल्यावर, त्यांच्या घरी शिकवायचं ठरलं. पहिल्या दिवशी ताईसोबत मी गेले, तर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तू गं? तू पण शिकणार?"

मला इतकं शिकायचं होतं! आदल्या रात्री मी ताईच्या पुस्तकातली ती वळणदार अक्षरं गिरवून पाहिली होती. पण तोंड माझंच ना. ते म्हणालं, "नको."

"बरं," आगा म्हणाले.

संपलं! आता तुम्हीच सांगा, 'बरं' काय? "शीक गं, लाजतेस काय" असं काही म्हणायला नको?

मग महिनाभर मी खिडकीपाशी स्टुलावर बसून नुसती ऐकत राहिले. खालून पावाचा वास यायचा, पंखा कुरकुरायचा, आणि आगा एकेक शब्द सांगायचे. बाजार. दरवाजा. हजार. जमीन. ताई घाम पुसत पुसत पाठ करायची आणि मी चाट! अहो, हे तर सगळे आपल्याच घरातले! वर्षानुवर्षं राहिलेल्या पाहुण्याचं खरं गाव आज कळावं, तसं झालं मला. पण सांगणार कुणाला? मी शिकत थोडीच होते!

अशात एक दिवस ताईने मला पुस्तकातला एक धडा समजावला. इराणात म्हणे कुणी काही देऊ केलं तर लगेच घ्यायचं नाही. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदाही आग्रह झाला, तर तो खरा. या रीतीला ते 'तारोफ' म्हणतात.

मी थक्क! म्हणजे अख्खा देश माझ्यासारखा? आणि आगा इराणी, म्हणजे त्यांचं अजून दोनदा विचारायचं बाकी आहे!

मी वाट बघू लागले. आगांनी माझ्याकडे पाहिलं की मी स्टुलावर ताठ बसायचे.

"बेटा..."

"हो, आगा?"

"खिडकी जरा लाव. धूर येतोय."

ताईने मात्र तो धडा फारच मनावर घेतला. तिच्या परत जाण्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही नेहमीसारख्या जिना चढलो, तर दारात आगा! इस्त्रीचा शर्ट, केस चोपडलेले, मागे शिरीनची, म्हणजे त्यांच्या मुलीची, भांडी आवरायची घाई.

"आज नाही हां बेटा. पाहुणे येतायत. उद्या या."

ताई माझ्या कानात पुटपुटली, "एक!" आणि आगांना हिंदीत म्हणाली, "नाही आगा, आज शिकायचंच आहे."

"अगं, खरंच नाही जमणार आज."

"दोन!" ताई जागची हलेना.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आगांनी खाली पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं, बसा तिकडे. गप्प बसा!"

"बघितलंस?" ताईचा चेहरा उजळला. "तिसऱ्यांदा खरं!"

पाहुणे शिरीनला बघायला आले होते. मुलगा, त्याची आई आणि कानाने अधू असलेली आजी. मुलाच्या आईच्या मांडीवर तबक, तबकात जांभळी, जरीकाठाची शाल. ताईला ती फार आवडली. आणि तिने तसं सांगितलं. फारसीत!

एक परदेशी मुलगी फारसी बोलते म्हटल्यावर बाई हरखल्या. त्यांनी शाल पुढे केली. "तुम्हारी ही समझो, बेटी."

"नको नको," ताई.

"अरे, तुम्हारी ही है!"

"छे, छे, नको."

"रखो ना, बेटी!"

ताई गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, जिने त्या घरात महिनाभर ब्र काढला नव्हता, ती मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "ताई, तिसऱ्यांदा विचारलंय! घे!"

ताईने घेतली. घेतली ती घेतली, वर अंगावर पांघरलीही!

आगांच्या हातातली बिस्किटांची बशी तिरकी झाली. मुलाच्या आईंचं हसू तोंडावर तसंच थिजलं. आजींना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं ना! शाल ज्या मुलीच्या अंगावर, ती सून. त्या थरथरत उठल्या, ताईच्या तोंडात खडीसाखर घातली आणि म्हणाल्या, "मुबारक! मुबारक!"

काय होतंय हे कळायच्या आत ताईने आजींना वाकून नमस्कारही केला.

पडद्याआडून कुणीतरी मोठ्ठ्याने फिसकन हसलं. शिरीन! चहाचा ट्रे घेऊन ती भिंतीला टेकून हसत होती. ते ऐकून मुलगाही हसायला लागला. दोघांचं हसणं थांबेना, तेव्हा मोठ्यांनाही हसावं लागलं. शाल शिरीनच्या अंगावर गेली, ताईच्या तोंडातली खडीसाखर मात्र तोंडातच राहिली.

पाहुणे गेल्यावर आगा खुर्चीत कोसळले. मला वाटलं, आता संपलं आपलं. पण ते माझ्याकडेच बघत होते.

"ही बोलते?"

मी उगाच खिडकीपाशी स्टूल सरळ करायला लागले.

"आणि तारोफ तुला गं कसं माहीत?"

"ते ताईने सांगितलं. बाकी रोज ऐकत होते."

"मग पहिल्या दिवशी नको का म्हणालीस?"

मी चाचरत म्हणाले, "तुम्ही पुन्हा विचारलंच नाही."

आगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "अगं, मी पनवेलचा माणूस! इथं गिऱ्हाईक नको म्हणालं की पाव मी परत पेटीत ठेवतो. बरं, आता विचारतो. फारसी शिकणार?"

माझं 'हो' अगदी ओठांवर आलं होतं. पण रीत म्हणजे रीत! हे दुसऱ्यांदा होतं ना?

"नको," मी म्हणाले, आणि हसून तिसऱ्याची वाट बघू लागले.

तेवढ्यात खालून आरोळी आली, "सेठ! पाव जळाले!" आणि आगा धाडधाड जिना उतरले.

ताई लंडनला गेली. माझी शाळा सुरू झाली. मी आता दहावीत आहे. शिरीनचं लग्न होऊन ती पुण्याला गेली, वरच्या खोलीत आता मैद्याची पोती असतात. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या शब्बाथचे, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आत पाव घरी पोहोचवायचं काम माझं. म्हणून मी बेकरीसमोरच्या या बाकावर बसते, खालून वरच्या त्या खिडकीकडे बघते, आणि पाव भट्टीतून निघेपर्यंत काहीतरी लिहीत असते. आगा मला नावाने हाक मारत नाहीत. 'नकोबाई' म्हणतात. फारसीत 'हो'ला 'बले' म्हणतात, तो शब्द दोन वर्षं माझ्या जिभेवर तयार बसलाय, आणि मी मनाशी अगदी पक्कं ठरवलंय की आता कुणीही काहीही विचारलं तरी पहिल्याच फटक्यात—

"ए नकोबाई! वही ठेव ती! वरची पोती हलवली आज. बोल, शिकणार का?"

"नक... नाही, नाही, आगा, थांबा! ब—"