लीलाबाईंचा डंडीतला प्रश्न

अकोल्याच्या भाजीबाजारात लीलाबाईंकडून वांगी घ्यायची तर आधी दोन-तीन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. तुमच्या गल्लीतली नाली कोण साफ करते? त्याले कामावर कोण ठेवते? मला उत्तर आलं नाही की त्या वांगी तोलता तोलता म्हणतात, "तिथंच राह्यता, अन् मालूम नाई?"

वय एकसष्ट, शिक्षण सातवी. बावीस किलोमीटरवरच्या गावात दीड एकर भाजीची वाडी. पाच वर्षं ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. यजमान डोमाजी वेगळ्या विदर्भासाठी नागपूरच्या मोर्च्यांना जायचे. आपला कारभार आपल्याकडं आला पाहिजे, असं ते म्हणायचे. लीलाबाई विचारायच्या, "आपल्याकडं म्हंजे कोठी? नागपूर तरी आपल्याले कुठं जवळ हाये?" डोमाजी चिडून ताटावरून उठायचे. सहा वर्षांपूर्वी ते गेले आणि हा वाद तसाच राहिला.

धाकटी मुलगी प्रतीक्षा स्कॉटलंडमधल्या डंडी गावी, एका हॉस्पिटलात नर्स आहे. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात ती बाळंत झाली आणि लीलाबाई तिकडं गेल्या. सव्वीस एप्रिलला आपल्या लोकसभेचं मत टाकून त्या निघाल्या होत्या. नखावरची शाई ताजी होती. तिथं पोचून पंधरा दिवस होतात न होतात, तोच तिथलीही निवडणूक जाहीर झाली. चार जुलै.

एका दुपारी दारावर एक बाई आली. हातात पत्रकं, कोटाला पिवळा बिल्ला. प्रतीक्षानं सांगितलं, "माय, हे स्कॉटलंड वेगळा देश करा म्हणणाऱ्या पक्षाची हाये."

"मंग लंडनच्या निवडणुकीत कावून उभे राह्यतेत?"

प्रतीक्षानं प्रश्न इंग्रजीत सांगितला. त्या बाईनं पायरीवर उभ्याउभ्या दहा मिनिटं उत्तर दिलं. आमचं म्हणणं लंडनला जाऊन मांडावं लागतं, असा त्याचा सारांश. शिवाय एक तक्रार: इथल्या शाळांना जूनअखेर सुट्या लागतात, लोक गावोगाव जातात, आणि लंडनवाल्यांनी नेमकी तेव्हाच तारीख धरली. कोणी विचार केला नाही.

लीलाबाईंना याचं फार नवल वाटलं. आपल्याकडं ऊन असतं म्हणून विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. "तेवढं तरी आपलं ऐकतेत," त्या म्हणाल्या.

शेजारी मॉरीन नावाच्या निवृत्त शिक्षिका राहत. बाळाला बघायला आल्या आणि मग रोजच येऊ लागल्या. त्यांचे दोन मुलगे. दहा वर्षांपूर्वी स्कॉटलंडनं वेगळं व्हावं का यावर मतदान झालं, तेव्हा एकानं हो म्हटलं, दुसऱ्यानं नाही. तेव्हापासून दोघं आईकडं जेवायला येतात, पण वेगवेगळ्या रविवारी.

"भांडतेत का?" लीलाबाईंनी विचारलं.

"भांडले असते तर बरं होतं," मॉरीन म्हणाल्या. प्रतीक्षानं ते मराठीत सांगितल्यावर लीलाबाईंनी मॉरीनच्या हातावर हात ठेवला.

मग त्यांनी कामाचं विचारलं. कोणतं काम कोणाच्या हाती? प्रतीक्षानं वहीच्या कागदावर लिहून दिलं. दवाखाना, शाळा: एडिंबराचं, म्हणजे स्कॉटलंडचं, सरकार. फौज, पासपोर्ट: लंडन. कचरा: डंडीची नगरपालिका. लीलाबाई तो कागद दोन दिवस वाचत होत्या. तिसऱ्या दिवशी मॉरीन आल्या तशा त्या म्हणाल्या, "इथल्या शाळेचं एडिंबराले ठरते. मंग इंग्लंडातल्या शाळेचं?"

"लंडनच्या पार्लमेंटात. इंग्लंडले वेगळी विधानसभा नाई," प्रतीक्षा म्हणाली.

"अन् त्या पार्लमेंटात इथचे खासदार बसतेत?"

"बसतेत."

"मंग इथचा खासदार तिथच्या शाळेवर मत देऊ शकते, अन् तिथचा इथच्या शाळेवर नाई? हे कसं वं माय?"

प्रतीक्षानं ते इंग्रजीत सांगितलं तशा मॉरीन खो खो हसल्या. हा प्रश्न माझ्या थोरल्या मुलाएवढा जुना आहे, म्हणाल्या. मोठमोठ्या लोकांनी विचारला आणि नीट उत्तर कोणी दिलं नाही. लीलाबाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

चार जुलैला त्या लेकीसोबत मतदान केंद्रावर गेल्या. बाळाला घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. बाहेर दोन कुत्री बांधलेली. मालक आत मत देत होते. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून प्रतीक्षाला तिथं मताचा हक्क होता, आणि ओळख म्हणून तिनं दाखवला तो आपला भारताचा पासपोर्ट. आत कागद आणि पेन्सिल.

"पेन्सिल? खोडलं कोणी तर?"

"कोणी नाई खोडत, माय."

"शाई?"

"शाईही नाई लावत."

लीलाबाईंनी स्वतःच्या नखाकडं पाहिलं. नख वाढलं होतं, शाई अर्ध्यावर सरकली होती. "ज्यायनं आपल्यावर राज केलं," त्या हळूच म्हणाल्या, "त्यायचं सरकार माही पोरगी निवडून राहिली. आपला पासपोर्ट दाखवून." त्यांचे डोळे भरून आले. मत कोणाला दिलं ते मात्र प्रतीक्षानं आईलाही सांगितलं नाही.

लंडनमध्ये सरकार बदललं. वेगळ्या स्कॉटलंडवाल्यांचे मागच्या वेळी अठ्ठेचाळीस खासदार होते, ते नऊवर आले. एडिंबरात सत्ता मात्र त्यांचीच राहिली. मॉरीनचे मुलगे यापुढंही वेगवेगळ्या रविवारीच येणार होते.

सप्टेंबरअखेर लीलाबाई परतल्या. गावातून सकाळची एसटी पावणेसातला. ती अकोल्याला पोचेपर्यंत बाजारातला ठोक व्यवहार आटोपायला येतो. भाजीवाल्या बाया वर्षानुवर्षं ऐकत होत्या, बसचं मुंबईहून ठरते, आपल्या हाती नाही. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत लीलाबाई उभ्या राहिल्या. "मुंबईहून ठरते हे कोणी पाह्यलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाई अकोल्यात उतरल्या त्या थेट आगारात गेल्या. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्ची दिली. गावाच्या गाडीची वेळ इथूनही बदलू शकते, म्हणाले. ग्रामसभेचा ठराव आणा आणि रोज किती प्रवासी मिळतील ते लिहून आणा. इतकंच. लीलाबाईंनी ते दोनदा विचारून घेतलं. बाहेर येऊन बाकावर बसल्या. आपण पाच वर्षं सदस्य होतो आणि एकदाही इथवर आलो नाही, याची त्यांना लाज वाटली. मला त्यांनीच हे सांगितलं.

आठ दिवस त्या पहाटे थांब्यावर बसून माणसं लिहीत राहिल्या. सत्तावीस बाया, नऊ बाप्ये. सरपंच पौर्णिमानं ग्रामसभेचा ठराव लिहिला. डिसेंबरात साडेपाचची गाडी सुरू झाली, प्रायोगिक, आठवड्यातून तीन दिवस.

मी विचारलं, आता वेगळ्या विदर्भाबद्दल काय मत? त्यांनी पिशवीत मूठभर मिरच्या टाकल्या.

"तिकडं एका घरात दोघं भाऊ दहा वर्षं त्याच्यावरच अडले. मले अजून समजून नाई राहिलं. यजमान खरेही असतील. पण पह्यले कोणतं काम कोणाच्या हाती हाये ते तर पाहू."

बाकीच्या चार दिवसांच्या गाडीचा अर्ज आगारातून विभागीय कार्यालयात गेला आहे. त्या कार्यालयात कोणत्या टेबलावर तो पडला आहे, हे लीलाबाईंना ठाऊक आहे. मंगळवारी दुकान शेजारणीकडं सोपवून त्या तिकडं जाणार आहेत; सोबत सहा बाया यायच्या म्हणतात.