ज्याच्या त्याच्या वाटणीची गळती

खुल्या आर्थिक धोरणाची हवा बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात पोचली, तेव्हा मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकत होतो. आमच्या वर्गाला कुणी विचारत नसे. हुशार पोरं वायरमन आणि फिटरला जात. अशात एका वर्षी कोकणातल्या बोटी बांधणाऱ्या कंपनीनं आमच्या संस्थेशी करार केला. धरणांवरच्या मासेमारांसाठी बोटी बांधायच्या, त्याही एकही झाड न तोडता, पडक्या घरांच्या जुन्या सागवानी फळ्यांतून. पडकी घरं आमच्याकडे भरपूर, म्हणूनच आमची निवड झाली असावी. समुद्र सोडा, आमच्यातल्या निम्म्यांनी भरलेलं धरणसुद्धा पाहिलं नव्हतं.

कंपनीचे साहेब महिन्यातून दोनदा येत. फळी कशी वाकवायची, फटीत सुती दोरी ठोकून वर राळ कशी भरायची, सगळं त्यांनी मनापासून शिकवलं. शेवटी म्हणाले, परीक्षेच्या दिवशी बोट गळली नाही तर तुमच्यातल्या दोघांना कारखान्यात घेतो. त्या दोघांतला एक मीच, असं मी घरी सांगूनही टाकलं.

घरी म्हणजे आबांना, माझ्या वडिलांना. ते बैलगाड्या करायचे. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि त्यांचं काम बसलं. तेव्हापासून ओट्यावर बसून जगाच्या चुका काढत. परीक्षेच्या तीन दिवस आधी ते बोट बघायला आले. तिच्या अंगावरून हात फिरवून म्हणाले, "लाकूड तान्हेलं हाय रे. चाक करून आपन डोहात टाकून ठेवतो का न्हाई? तसं हिला पाणी पाजा, फुगू द्या."

डोह कुठला? मे महिना, आणि वसतिगृहाला टँकरचं पाणी. बुडवता येत नाही तर आतून भरू, असं आबांनी ठरवलं. पाणी वाया जाता कामा नये, असं बजावून प्राचार्यांनी परवानगी दिली.

ओंडक्यांवर ठेवलेल्या बोटीत टँकरची नळी सोडली, आणि ती चाळणीसारखी गळू लागली. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या आणि प्रत्येक धारेखाली एकेक घागर लागली. तासाभरात वाटण्याही झाल्या. पुढची धार गिरणीवालीची, मधली मास्तरीणबाईंची, आणि मागची, सगळ्यांत जोरकस, एका म्हातारीची. आमच्या संस्थेचं एवढं कौतुक गल्लीत कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट परत भरली आणि लाकूड फुगायला लागलं. आधी गिरणीवालीची धार बारीक झाली. तिनं सरळ आबांना गाठलं.

"माझीच काहून बंद केली? मास्तरीणबाईंची तर चालू हाय!"

आबा तिला लाकडाचा स्वभाव समजावत बसले. दुपारी मास्तरीणबाईंचीही आटली. त्यांनी फटीत केसांची पिन घालून पाहिली, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले.

परीक्षेच्या सकाळी साहेब जीपमधून उतरले. बोट काठोकाठ भरलेली, भोवती रिकाम्या घागरी.

"अरे, पाणी बोटीच्या बाहेर असतं!" ते ओरडले.

मी तोंड उघडणार तोच म्हातारी पुढे झाली. "साहेब, तुमीच न्याय करा. परवा हिला लई चांगलं पाणी होतं. आज सकाळपासून बसलेय, थेंब न्हाई."

साहेब पांढऱ्या प्यांटीसकट बोटीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा गुडघ्यांना कोरडी धूळ होती. पोट धरून हसले आणि मग विचारलं, "हे डोकं कुणाचं?"

मी कौतुकानं आबांना पुढे केलं. तिथंच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. एक जागा माझ्या मित्राला मिळाली, आणि दुसरी आबांना, पोरांना शिकवायला. मला साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. रस्ताभर मी आबांच्या मागं दहा पावलं राहून चाललो. घराजवळ ते थांबले.

"न्हाई म्हणून सांगू का त्यांला? तुझी जागा हाय ती."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टायरच्या गाड्या आल्यापासून त्या चेहऱ्यावर इतकी आशा मी पाहिली नव्हती, आणि ती ते माझ्यापासून लपवू बघत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"काही सांगू नका," मी म्हणालो. "तिथं कोकणात खारं पाणी असतं. लाकडाला ते कसं मानवतं, तेवढं बघून ठेवा."

"ते काय, दोन दिसात बघतो," आबा म्हणाले, आणि माझ्या आधी घरात शिरून, पिशवी कुठं हाय म्हणून आईवर ओरडायला लागले.