मावशीचा सवयीचा हात

दमून आली की मावशी चपलांसकट खुर्चीत बसते, मग तासाभराने म्हणते, "अगंबाई, चपला राहिल्या की पायात!" आईला तेवढंच निमित्त. "लोक माणसांची लग्नं जुळवतात. आमची ही उंदराच्या पोटात कोण कोणाला भेटलं ते मोजून येते."

टोमणा आहे, पण खोटा नाही. मावशी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उंदराला जंत झाले की आतड्यातल्या पहारेकरी पेशी जंताचे बारीक तुकडे उचलून जवळच्या लसिकागाठीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या ठाण्यात, नेतात. तिथे टी-पेशींची, म्हणजे शरीराच्या सैनिकांची, ये-जा चालू असते. जिला तो तुकडा ओळखता येतो ती थांबते, पहारेकऱ्याला चिकटते, आणि तिथून शरीर लढायला उठतं. मावशी ती गाठ काढते, गोठवते, पातळ काप करून रंगवते आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या पहारेकऱ्यांना लाल टी-पेशी किती ठिकाणी चिकटल्या ते मोजते. अकरा वर्षं हेच. मान वाकडी झाली, डोळ्यांना नंबर लागला.

यंदा जंत नवा होता. चाळीस उंदीर झाले तरी भेटी जवळजवळ शून्य. प्रयोगशाळेचे साहेब मात्र खूश. चष्मा कपाळावर चढवून, प्रत्येक शब्दावर जोर देत बोलतात ते. "म्हणजे कसं आहे, ताई, तुमचा हात चुकत नाही. तेव्हा हा जंत पेशींना भेटूच देत नाही! केवढा शोध!" शुक्रवारी अहवाल जाणार होता.

बुधवारी जंत मोजायला म्हणून मावशीने एका उंदराचं मोठं आतडं नीट पसरलं. त्या आतड्याच्या सुरुवातीलाच चरबीत एक गाठ दडलेली. एरवी मोहरीएवढी असते, ती मुगाएवढी फुगली होती. तेव्हा मावशीच्या लक्षात आलं. जुना जंत लहान आतड्यात राहायचा, त्या आतड्याची गाठ मोठी, बोटांना आपोआप सापडणारी. नवा राहतो मोठ्या आतड्यात, त्याचे तुकडे जातात या धाकट्या गाठीत. पण हात सवयीने जुनीच गाठ काढत राहिला होता. चाळीस वेळा.

त्या दिवशी घरी येऊन तिने आईला सगळं सांगितलं.

"सांगू नकोस," आई म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुझ्या हातावर डोळे मिटून विश्वास टाकतात ते. सांगितलंस तर परत टाकतील का?"

"म्हणून तर सांगायचं."

गुरुवारी तिने सांगितलं. साहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग विचारलं, "किती उंदीर उरलेत?"

"सहा."

अहवाल थांबला. सहाही उंदरांची धाकटी गाठ तिने स्वतः काढली. काप करून, रंगवून बघायला पुढचा मंगळवार उजाडला. संध्याकाळी घरात पाऊल टाकायच्या आत आईने विचारलं, "दिसल्या का भेटी?"

"दिसल्या. ही गर्दी! एकेका पहारेकऱ्याला चार-चार चिकटलेल्या. मोजता मोजता डोळे गेले."

"मग हस की जरा! आणि साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ताई, यापुढे गाठ काढलीत की दुसऱ्याला दाखवून मगच गोठवायची.'" तिने डोळे चोळले. "बरोबरच आहे त्यांचं. चाळीस जीव फुकट गेले गं माझ्यामुळे."

आईने पंखा वाढवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.