तांडेलाची पट्टी

पुण्याच्या पोरीला समुद्र कुठला? आम्हाला खडकवासल्याचं धरण होतं, आणि खरं सांगते, तेवढं पुष्कळ होतं.

गोष्ट नव्वदीतली. शहरात पावलापावलावर कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि आमच्या कॉलेजात नौदलाचं विद्यार्थी पथक होतं. त्यात मुलींना घ्यायचे, पण कशाला? तर झेंडे हलवून इशारे करायला आणि लाकडी जहाजं रंगवायला. होडी मुलांची. पाच जण वल्ही मारायचे, सहावा सुकाणू धरायचा, तो तांडेल. दंडावर पट्टी त्याच्याच. आणि ती मिळायची कशावर? उंचीवर आणि आवाजावर! परेडला उठून दिसेल तो तांडेल, मग पाण्यात त्याचं काहीही होवो. माझं डोकंच फिरायचं.

मग नौदलाने बायकांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांतल्याच एक मॅडम आमच्या पथकावर आल्या. आल्या आल्याच म्हणाल्या, "पट्टी यापुढे पाण्यावर ठरेल. मुलींचीही एक टोळी करा. पाण्यात खुणेला नांगरलेल्या त्या पिंपाला वळसा घालून होडी धड धक्क्याला आणली, तर मुली होडीत राहतील. नाहीतर परत झेंडे."

आम्हाला शिकवायला नौदलातून निवृत्त झालेले एक कोकणातले गृहस्थ होते. सगळे त्यांना चीफसाहेब म्हणत. ते एवढंच म्हणाले, "हरकत नाही. बुडायला पाणी भरपूर आहे."

सराव सुरू झाला आणि आमची शोभा झाली. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. आणि आम्ही सहाही जणी स्कूटी नाहीतर लुना पिटाळणाऱ्या! दांडा हातात आला की तो हँडलच वाटायचा. जी बसेल ती होडी नेमकी नको तिकडे घालायची. मी तर सरळ काठावरच्या बाभळीत घातली. केसांतले काटे काढत होतो, तेवढ्यात चीफसाहेबांचा शांत आवाज आला, "पार्किंग छान केलंत."

अस्सा राग आला! त्यांचा नव्हे, माझाच.

त्या संध्याकाळी पुण्यालगतच्या मांजरी गावात घरी पोचले, तर दादा, म्हणजे माझे वडील, ट्रॅक्टर लावून उसाची रिकामी ट्रॉली मागे घेत होते. ट्रॉली डावीकडे जायला हवी, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. हे तर मला येत होतं! सुगीत कितीदा मीच मागे घेतली होती. मी अंगणातच ओरडले, "अगं बाई!"

"काय गं, इंचू चावला का काय?"

"नाही दादा, होडी कळली!"

"याड लागलंय हिला," वडील म्हणाले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवसापासून सुकाणू मी सोडलंच नाही. दांडा म्हणजे हँडल नव्हे, ट्रॅक्टर, असं स्वतःला बजावायचे आणि होडी बरोबर वळायची.

परीक्षेच्या दिवशी पिंपाजवळ वारा सुटला. होडी तिरकी जायला लागली. वल्ही मारणाऱ्या पाठमोऱ्या पुढे जातात. पुढचं फक्त मला दिसत होतं आणि त्या पाच जणींना फक्त माझं तोंड. ते घाबरलेलं दिसून चालणार नव्हतं. दांडा उजवीकडे रेटला आणि ओरडले, "बाहेरच्या बाजूच्या, मारा गं! जीव खाऊन मारा!" त्यांनी मारली. पिंप हातभर अंतरावरून मागे गेलं. होडी धक्क्याला अलगद टेकली आणि आम्ही अशा किंचाळलो की समोरचे बगळे उडाले.

मॅडमनी चीफसाहेबांना विचारलं, "मग, ठेवायची मुलींची होडी?"

"नको," ते म्हणाले.

मी होडीतून उतरायला लागले, तेवढ्यात ते पुढे म्हणाले,

"वेगळी कशाला? ज्यांचे हात चालतात ते घ्या, पोरं काय, पोरी काय. सुकाणूला ही."

मॅडमनी पट्टी माझ्या दंडावर लावली आणि मी खुशाल रडले, सगळ्यांदेखत. आजवर इतका आनंद क्वचितच झाला असेल.

पुढच्या सरावाला आधीचा तांडेल, सहा फुटी गडी, वल्हं घेऊन माझ्यासमोर बसला. जरा कसनुसं हसला आणि म्हणाला, "बोला तांडेल, कुठे न्यायची?"

मी म्हटलं, "आधी वल्हं नीट धर."